नेटवर्क दिसते, पण टिकत नाही: लिनक्सवरच्या स्वस्त यूएसबी वायफाय अ‍ॅडॉप्टरचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका लहान वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदी ब्राउझरमधून होतात. पुस्तकांची यादी, सभासद, परतीच्या तारखा सगळे सर्व्हरवर असते आणि काउंटरवरच्या संगणकात यातले काहीच साठत नाही. नेट गेले की काउंटर थांबते. फॉर्म सेव्ह होत असताना गेले, तर तो पहिल्यापासून भरावा लागतो.

काउंटरवरचा डेस्कटॉप दहाएक वर्षांचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर व टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) या यंत्रात नाही, म्हणून त्यावर लिनक्स मिंट २१.३ ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवली गेली. तीच आवृत्ती का, तर तिचा पेनड्राइव्ह हाताशी होता म्हणून. पुढचा बराचसा खटाटोप या एका गोष्टीतून निघाला.

तोवर संगणक राउटरच्याच खोलीत होता आणि लॅन केबलने जोडलेला होता. जागेची फेररचना झाली आणि काउंटर दोन विटांच्या भिंतींपलीकडे, राउटरपासून सुमारे नऊ मीटरवर गेले. भिंतीला भोक पाडायला जागामालकांनी नकार दिला. मग नखाएवढे यूएसबी अ‍ॅडॉप्टर आणले गेले. खोक्यावर तीन दावे होते: ड्युअल बँड, ६०० एमबीपीएस, ड्रायव्हर-फ्री (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, वेगळा आणावा लागत नाही). आत कोणती चिप आहे, हे खोक्यावर कुठेच नव्हते.

त्यातला ६०० हा आकडा म्हणजे नुसती बेरीज. २.४ गिगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलमध्ये एका अँटेनाला जास्तीत जास्त १५० एमबीपीएस मिळतात आणि ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झमध्ये ४३३. अ‍ॅडॉप्टर एका वेळी एकाच बँडवर असते, त्यामुळे ही बेरीज प्रत्यक्षात कधीच हाती येत नाही. शिवाय हे दर हवेतल्या जोडणीचे आहेत. फाइल उतरवताना त्याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ. या वाचनालयाच्या कामाला ५ एमबीपीएस पुरेसे होते. हवा होता तो न तुटणारा दुवा, आणि खोक्यावर त्याबद्दल अवाक्षर नव्हते.

अडचण क्रमांक एक: वायफायऐवजी सीडी

अ‍ॅडॉप्टर लावले तर पॅनेलवर वायफायची खूण आलीच नाही. उलट डेस्कटॉपवर एका सीडीचे चित्र आले आणि तिच्यात विंडोजची सेटअप फाइल. अ‍ॅडॉप्टर नादुरुस्त आहे असा पहिला निष्कर्ष निघाला आणि ते परत पाठवायची तयारी सुरू झाली.

वास्तविक ते ठणठणीत होते. ‘ड्रायव्हर-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक अ‍ॅडॉप्टरांत थोडीशी मेमरी असते आणि विंडोजचा ड्रायव्हर तिच्यात भरलेला असतो. लावल्याबरोबर उपकरण स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करते. विंडोजवर ड्रायव्हर बसला की तोच त्याला वायफायच्या रूपात आणतो. लिनक्समध्ये हे काम यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो, पण त्याच्या नियमांत ते उपकरण ओळखीचे असेल तरच.

ओळख पटवायला टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा दिली. यादीत ०बीडीए:१ए२बी असा क्रमांक आला. पहिला भाग रिअलटेक कंपनीचा, दुसरा भाग ‘सध्या मी डिस्क आहे’ असे सांगणारा. मग फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीसमोरच्या इजेक्टवर क्लिक केले. दोन-तीन सेकंदांनी तीच आज्ञा पुन्हा दिली, तेव्हा क्रमांक ०बीडीए:सी८११ झाला होता. चिपचे खरे नाव इथे कळले: आरटीएल८८११सीयू.

हे रूपांतर टिकाऊ नसते. वीज गेली किंवा अ‍ॅडॉप्टर काढून लावले की ते पुन्हा सीडी होते. म्हणून यूडेव्हच्या (उपकरण लागताच काय करायचे ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेच्या) नियमांच्या फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल ठेवली: निर्माता ०बीडीए आणि उपकरण १ए२बी दिसताच यूएसबी-मोडस्विच चालवावा, कॅपिटल ‘के’ पर्यायासह. हा पर्याय म्हणजे इजेक्टचा साधा संदेश. नियम लिहिल्यावर अ‍ॅडॉप्टर काढून, दहा सेकंद थांबून पुन्हा लावून पाहिले. त्यानंतर संगणक पूर्ण बंद करून पॉवर सप्लायचे मागचे बटणही बंद केले आणि मग सुरू केला. ही दुसरी चाचणी सहसा कोणी करत नाही. नुसत्या रिस्टार्टमध्ये अनेक मदरबोर्ड यूएसबीची वीज तोडत नाहीत, अ‍ॅडॉप्टर वायफायच्या रूपातच राहते आणि नियम चालतो आहे असा भास होतो. खरे काय ते सकाळी पहिल्यांदा चालू करताना कळते.

अडचण क्रमांक दोन: चिप ओळखली, ड्रायव्हर नाही

क्रमांक बदलला तरी वायफाय आले नाही. मिंट २१.३ मूळ ५.१५ कर्नलवर येते (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा). या चिपच्या यूएसबी रूपाचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये ६.२ पासून आला, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीला. ५.१५ मध्ये तो असणे शक्यच नव्हते.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय इंटरनेटवर सर्वाधिक सुचवला जातो: ड्रायव्हरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून यंत्रावरच बांधायचा. डीकेएमएस हे साधन वापरले तर कर्नल अपडेट झाल्यावर तो आपोआप पुन्हा बांधला जातो, निदान तशी अपेक्षा असते. कर्नलच्या अंतर्गत रचनेत बदल झाला की बांधणी अडते आणि ज्या यंत्राला दुसरे नेट नाही ते तिथेच अडकते. सिक्युअर बूट (फक्त सही असलेले प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी व्यवस्था) चालू असेल तर असा ड्रायव्हर सही केल्याशिवाय लोड होत नाही. त्यासाठी किल्ली तयार करून पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर ती नोंदवावी लागते. तो पडदा काही सेकंदच थांबतो आणि बहुतेक जण तो चुकवतात.

दुसरा पर्याय मिंटच्या अपडेट मॅनेजरमधून नवे कर्नल घ्यायचे. तिथे ‘व्ह्यू’ मेन्यूत लिनक्स कर्नलची यादी असते आणि २१.३ ला ६.८ ची मालिका मिळते. यातला ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो, वितरणाच्या, म्हणजे लिनक्सचा तयार संच देणाऱ्यांच्या, सहीचा असतो आणि अपडेटसोबत पुढे चालत राहतो. फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल आधीपासून सिस्टिममध्ये होतीच.

तिसरा पर्याय अ‍ॅडॉप्टर बदलायचा. मीडियाटेकच्या एमटी७६१०यू किंवा एमटी७६१२यू चिपचे ड्रायव्हर कर्नल ५ च्या आधीपासून कर्नलमध्येच आहेत. ५.१५ वर ते लावताक्षणी चालले असते. खरेदी व्हायची असती तर हेच उत्तर पहिले. एमटी७६०१यू स्वस्त मिळते आणि चालतेही, पण ते फक्त २.४ गिगाहर्ट्झचे.

विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवणारी एनडीआयएस-रॅपरची जुनी युक्तीही कोणीतरी सुचवली. आजच्या ६४-बिट यंत्रावर तिच्या नादी लागू नये.

प्रत्यक्षात काय केले

सुरुवात पहिल्या पर्यायाने झाली आणि ती फसली. वाचनालयाला मदत करणाऱ्या स्वयंसेवकाने ‘८८११’ एवढेच पाहून ८८१२एयू कुटुंबाचा सोर्स पेनड्राइव्हवर आणला. बांधणी एकही त्रुटी न दाखवता पूर्ण झाली. मॉड्यूल, म्हणजे बांधून तयार झालेला ड्रायव्हर, लोड झाले. वायफाय आले नाही. मग सोर्स पुन्हा उतरवला, पुन्हा बांधला, संगणक पुन्हा सुरू केला, आणि त्यात एक अख्खी दुपार गेली.

कारण चिपच्या नावाच्या शेपटीत होते. आरटीएल८८११एयू ही चिप ८८१२एयू आणि ८८२१एयू यांच्या कुटुंबातली. आरटीएल८८११सीयू ही ८८२१सीयूच्या कुटुंबातली. आकडे तेच असले तरी आतली रचना वेगळी आणि ड्रायव्हर वेगळा. बांधणी यशस्वी झाली म्हणजे सोर्स आणि कर्नल यांचे जुळले, एवढेच सिद्ध होते. तो ड्रायव्हर आपल्या उपकरणाला हात लावेल की नाही हे त्याच्या आतल्या क्रमांकांच्या यादीवर ठरते. मॉडइन्फो ही आज्ञा ती यादी दाखवते. तिच्यात सी८११ शोधायला अर्धे मिनिट लागले असते.

दुसरा पर्याय घ्यायला नेट हवे होते आणि नेट नाही म्हणून तर हे सगळे चालले होते. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले. ते लिनक्सला तारेचे नेटवर्क म्हणून दिसते आणि त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. टेदरिंगला मोबाइल डेटाच खर्च होतो असा समज आहे. फोन वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून पुढे देतात, म्हणजे फोनच तात्पुरते अ‍ॅडॉप्टर होतो. नवे कर्नल आणि त्याची मॉड्यूल्स मिळून शे-दोनशे एमबी उतरवावे लागले.

यादीतला ६.८ चा सर्वांत मोठा क्रमांक घेतला आणि त्याला कारण होते. या ड्रायव्हरच्या आधीच्या आवृत्त्यांत काही ८८११सीयू अ‍ॅडॉप्टरांना नेटवर्क दिसत, पण कोणत्याही नेटवर्कला ती जोडली जात नसत. ही दुरुस्ती २०२४ मध्ये आली. मालिका तीच, पण तिच्यातले जुने अपडेट घेतले असते तर पासवर्ड बरोबर असून जोडणी होत नाही हे आणखी एक कोडे समोर आले असते.

नवे कर्नल वापरण्याआधी जुना, हाताने बांधलेला ड्रायव्हर डीकेएमएसमधून काढला आणि मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणाऱ्या आज्ञेच्या) सेटिंगच्या फोल्डरमध्ये त्याने काही फाइल ठेवली आहे का ते पाहिले. असे ड्रायव्हर बसताना कर्नलमधल्या ड्रायव्हरला मज्जाव करणारी ओळ लिहून ठेवतात आणि काढताना ती मागे राहू शकते. मग नवे कर्नल येऊनही वायफाय येत नाही आणि दोष कर्नलला लागतो. या यंत्रावर तशी ओळ नव्हती, कारण बसवलेला ड्रायव्हर मुळात भलत्याच कुटुंबाचा होता.

संगणक सुरू केला. वायफायची खूण आली, नेटवर्कची यादी आली, पासवर्ड दिला, जोडणी झाली. इथे काम संपले असे सगळ्यांनी धरले.

अडचण क्रमांक तीन: जोडलेले, पण निरुपयोगी

दुसऱ्या दिवशी तक्रार आली की पान उघडायला कधी एक सेकंद लागतो, कधी चाळीस. पाच-दहा मिनिटांनी वायफाय तुटते आणि स्वतःच जोडले जाते. संशय पुन्हा ड्रायव्हरवर गेला. कर्नल पुन्हा बसवावे का, अशी चर्चा सुरू झाली.

या प्रकरणात सर्वांत मोलाचा निर्णय इथे झाला: काही बदलायच्या आधी मोजायचे. दोन पिंग (समोरच्या यंत्राकडून उत्तर येते का आणि किती वेळात ते मोजणारे छोटे संदेश) एकाच वेळी चालवले, प्रत्येकी १०० वेळा. एक राउटरच्या पत्त्याला आणि एक बाहेरच्या सर्व्हरला. राउटरचा पिंग स्वच्छ आणि बाहेरचा खराब असता तर दोष नेट पुरवणाऱ्याकडे किंवा राउटरच्या पुढे असता. इथे राउटरलाच १०० पैकी १४ पिंग पोचले नाहीत आणि उरलेले ३ मिलिसेकंदांपासून ४०० पर्यंत हेलकावत होते. दोष काउंटर आणि राउटर यांच्या मधल्या हवेत होता.

मग आयडब्ल्यू या साधनाने जोडणीची स्थिती पाहिली. २.४ गिगाहर्ट्झ, सिग्नल उणे ७७ डीबीएम, जोडणीचा दर १३ ते १९ एमबीपीएसमध्ये खालीवर. डीबीएमचे आकडे उणे असतात आणि शून्याकडे जातील तसे चांगले. उणे ६५ च्या आसपास काम नीट चालते. उणे ७५ च्या पलीकडे स्वस्त एकअँटेना अ‍ॅडॉप्टरांची फरफट होते. त्याच टेबलावर ठेवलेल्या फोनला मात्र उणे ६२ दिसत होते. दोन उपकरणांच्या अँटेना वेगळ्या, तेव्हा थोडा फरक पडतोच. पण एकाच जागी १५ डीबीचा फरक म्हणजे एकाला कुणीतरी झाकले आहे.

झाकणारा होता खुद्द संगणक. अ‍ॅडॉप्टर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात, पत्र्याला जवळजवळ चिकटून होते, आणि कॅबिनेटची पाठ भिंतीकडे. राउटरची दिशा नेमकी उलटी, समोरची. अशा अ‍ॅडॉप्टरची अँटेना नखाएवढ्या जागेत कोंबलेली असते. तिच्यापुढे पत्र्याचे खोके आले की उरलेसुरले तिथेच संपते.

दुसरा अडथळा शेजारच्या पोर्टात होता. तिथे बॅकअपची यूएसबी ३.० हार्ड डिस्क कायम लावलेली असायची. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिट सिग्नलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच या विषयावर स्वतंत्र श्वेतपत्र काढले होते. डिस्क, तिची केबल आणि तिचा कनेक्टर तिन्हीतून हा गोंगाट झिरपतो आणि दोन सेंटीमीटरवरच्या अँटेनाला तो दूरच्या राउटरपेक्षा मोठ्याने ऐकू येतो. गंमत अशी की अशा वेळी सिग्नलचा आकडा फारसा पडत नाही. राउटरचा आवाज तेवढाच असतो, गोंगाट वाढलेला असतो. त्यामुळे नुसते सिग्नलचे दांडे पाहणाऱ्याला हा दोष सापडत नाही.

इथे मोह होतो तो सगळे एकदम बदलण्याचा. तसे न करता एकेक पाऊल टाकले आणि प्रत्येक पावलानंतर राउटरला १०० पिंग पाठवले.

आधी हार्ड डिस्क काढली, बाकी जसेच्या तसे. सिग्नल उणे ७६, म्हणजे फरक नाहीच, पण हरवलेले पिंग १४ वरून ५ वर आले. गोंगाटाचा वाटा सिद्ध झाला.

मग डिस्क परत लावून अ‍ॅडॉप्टर एक मीटरच्या यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबलवर घेतले आणि कॅबिनेटच्या वर, राउटरच्या बाजूला आणले. सिग्नल उणे ६३. हरवलेले पिंग २. फोनच्या आकड्याशी आता तो जुळला. केबल मुद्दाम मागच्या यूएसबी २.० पोर्टात लावली. पुढच्या पोर्टांचा विचार झाला होता, पण ते आतल्या बारीक तारांनी बोर्डाला जोडलेले असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये तिथे व्होल्टेज पडते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि अ‍ॅडॉप्टरला तेवढे पुरते. मात्र वाटेत पातळ तारेची लांब केबल आली की पाठवण्याच्या क्षणी व्होल्टेज खाली जाते आणि उपकरण मध्येच यूएसबीवरून गायब होऊन परत येते. कर्नलच्या नोंदींत ‘डिस्कनेक्ट’ आणि लगेच ‘न्यू हाय-स्पीड डिव्हाइस’ अशी जोडी दिसली, तर वायफायच्या मागे न लागता केबल आणि पोर्ट बदलावेत. म्हणून केबल एक मीटरचीच, तीन मीटरची नाही.

तिसरे पाऊल बँडचे. राउटरवर दोन्ही बँडना एकच नाव होते आणि अ‍ॅडॉप्टर २.४ ला चिकटून बसले होते. ५ गिगाहर्ट्झ भिंतीत जास्त शोषले जाते, म्हणून दोन विटांच्या भिंतींतून ते पोचेल का याबद्दल दुमत होते. एका बाजूचे म्हणणे, आता २.४ चालते आहे तर हात लावू नका. दुसऱ्या बाजूचे, आसपास २.४ वर डझनभर नेटवर्क आहेत, संध्याकाळी ती सगळी जागी होतील तेव्हा पुन्हा तेच होईल. वाद मोजमापाने मिटला. नेटवर्क कनेक्शनच्या एडिटरमध्ये ‘बँड’ या खान्यात ‘ए, ५ गिगाहर्ट्झ’ निवडले की त्या जोडणीपुरती सक्ती होते. राउटरला हात लावावा लागत नाही, आणि नको वाटले तर एका क्लिकने परत येता येते.

पहिल्या प्रयत्नात ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क दिसलेच नाही. राउटर ‘ऑटो’वर होता आणि त्याने १०० क्रमांकाचा चॅनल घेतला होता. ५२ ते १४४ या पट्ट्यातले चॅनल रडारशी वाटून घ्यावे लागतात. तिथे अ‍ॅडॉप्टरला स्वतःहून हाक मारायची परवानगी नसते, ऐकून वाट पाहावी लागते, आणि स्वस्त अ‍ॅडॉप्टर त्यात मागे पडतात. राउटरवर चॅनल ३६, रुंदी ८० मेगाहर्ट्झ असे पक्के केल्यावर नेटवर्क लगेच दिसले. सिग्नल उणे ६७, म्हणजे २.४ पेक्षा ४ डीबीने कमी. पण दर १७५ ते २३४ एमबीपीएस आणि १०० पैकी एकही पिंग हरवला नाही. सिग्नल कमी असून काम चांगले झाले, कारण या बँडमध्ये ना शेजाऱ्यांची गर्दी होती, ना हार्ड डिस्कचा गोंगाट.

अडचण क्रमांक चार: शांततेनंतरचा पहिला क्लिक

एवढे झाल्यावर एकच तक्रार उरली. काउंटरवर दहा-पंधरा मिनिटे कोणी आले नाही, तर त्यानंतरचे पहिले पान अडकते. कधी त्या वेळी वायफाय तुटते. काम सुरू असताना एकदाही नाही.

निष्क्रियतेनंतर येणारा दोष म्हटला की पहिला संशयित वीजबचत. कर्नलच्या नोंदींत ड्रायव्हरची ओळ सापडली: फर्मवेअरला एलपीएस अवस्थेतून बाहेर येता आले नाही. एलपीएस म्हणजे या चिपची झोप. मिंटच्या मुळाशी असलेल्या उबुंटूमध्ये नेटवर्क-मॅनेजरसाठी वायफायची वीजबचत चालू ठेवणारी एक लहान फाइल येते. तिच्यात पॉवरसेव्हची किंमत ३ असते. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. ती २ केली, नेटवर्क-मॅनेजर पुन्हा सुरू केला आणि आयडब्ल्यूने पॉवरसेव्ह ‘ऑफ’ झाल्याची खात्री केली. बॅटरी नसलेल्या डेस्कटॉपला या बचतीचा काहीच उपयोग नव्हता.

एवढ्याने भागले नसते तर पुढची पायरी ठरलेली होती: आरटीडब्ल्यू८८ च्या, म्हणजे कर्नलमधल्या याच ड्रायव्हरच्या, मुख्य मॉड्यूलला गाढ झोप बंद करण्याचा पर्याय देणे. ती वेळ आली नाही, म्हणून ते सेटिंग लावलेही नाही. ‘असू द्यावे’ म्हणून लावून ठेवलेली सेटिंगे पुढच्या माणसाला गोंधळात टाकतात.

निष्पत्ती

काउंटर पुढे पूर्ण दिवस न तुटता चालले. फॉर्म हरवण्याची तक्रार थांबली. हार्ड डिस्कवर बॅकअप चालू असतानाही पिंग १० मिलिसेकंदांच्या आत राहिला.

एक दोष शिल्लक आहे. संगणक सस्पेंडमधून उठला की अ‍ॅडॉप्टर कधीकधी परत येत नाही आणि काढून लावावे लागते. त्यावर वेळ घालवण्याऐवजी सस्पेंडच बंद केले आणि फक्त पडदा विझेल असे ठेवले. घरच्या लॅपटॉपवर हा तोडगा चालला नसता. काउंटरवरच्या यंत्रासाठी तो पुरेसा ठरला.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी बचत एका रिकाम्या पेनड्राइव्हने झाली असती. मिंट २२ च्या मालिकेतली नवी आवृत्ती त्यावर घेऊन, काहीही न बसवता लाइव्ह चालवली असती तर ६.८ किंवा त्यापुढचे कर्नल मिळाले असते. वायफाय त्यात आले असते तर हार्डवेअर ठीक आणि दोष आपल्या कर्नलचा, हे पंधरा मिनिटांत स्पष्ट झाले असते. लाइव्ह पेनड्राइव्ह इन्स्टॉल करण्यासाठी असतो असे आपण धरतो. निदानासाठी तो त्याहून उपयोगी आहे. मुळात यंत्रावर २१.३ ऐवजी ती आवृत्तीच बसवली असती तर दुसरी अडचण उद्भवलीच नसती.

खरेदीआधी चिपचे नाव विचारायला हवे होते, हे खरे. पण त्यालाही मर्यादा आहे. एकाच मॉडेल क्रमांकाखाली, आवृत्ती २ आणि आवृत्ती ३ असे बारीक अक्षरात छापून, आत वेगळीच चिप घातलेली अ‍ॅडॉप्टर विकली जातात. म्हणून कोणाच्या अनुभवावर विसंबण्यापेक्षा परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्यावे आणि आल्याबरोबर एलएसयूएसबीचा क्रमांक पाहावा. सीडीच्या रूपात असताना दिसणारा १ए२बी हा क्रमांक रिअलटेकच्या अनेक चिपना सामाईक आहे. त्यावरून ड्रायव्हर शोधायला निघू नये, आधी इजेक्ट करावे.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. ‘भोक पाडायचे नाही’ या नकाराचा अर्थ ‘केबल नाही’ असा घेतला गेला. भिंतीच्या कडेने आणि दाराच्या फटीतून जाणारी चपटी लॅन केबल, पंधरा-वीस मीटरची, कोणी सुचवलीच नाही. एका जागी खिळलेल्या, दिवसभर चालणाऱ्या, एकच काम करणाऱ्या यंत्राला तार हेच योग्य उत्तर होते. यूएसबी अ‍ॅडॉप्टर चालते आहे म्हणून ते योग्य होते असे ठरत नाही. काउंटरची जागा आता पक्की झाली आहे आणि हा पर्याय अजूनही खुला आहे.

तोवर या यंत्रावर मिंटचे मोठे अपग्रेड झाले की चार गोष्टी पाहायच्या: वीज पूर्ण तोडून सुरू केल्यावर क्रमांक सी८११ येतो का, पॉवरसेव्ह अजून २ आहे का, जोडणी ५ गिगाहर्ट्झवर आहे का, आणि राउटर रिसेट होऊन पुन्हा ‘ऑटो’ चॅनलवर तर गेला नाही ना. यूडेव्हचा नियम, बँडची निवड आणि चॅनल ३६ हे तिन्ही एका चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या बाजूला चिकटवली आहे. अ‍ॅडॉप्टरवर चिपचे नावही लिहिले आहे, कारण खोके केव्हाच टाकून दिले गेले.